न्यूयॉर्कचे सात वाजेपर्यंत

मंडळी, आत्ताच आणे गावाहून, मावशीच्या घरून जुन्नरला आलोय आणि थेट सायबर कॅफेत बसलोय.

मावशीचा पोरगा काल रात्री पहिल्यांदाच अमेरिकेला गेला. मी तिकीट वाचून ऐटीत सांगितलं, "मावशे, रात्री एकला मुंबईहून उडतंय, सकाळी सातला न्यूयॉर्कात. सहा तास फक्त."

आमच्याकडं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढत नाहीत. मावशी तर जेवतही नाही.

सात वाजले, फोन नाही. दहाला माझी ट्यूब पेटली. ते सात तिकडच्या घड्याळातले. प्रवास सोळा-सतरा तासांचा, म्हणजे आपली संध्याकाळ.

तेव्हाच सांगायचं ना? पण मी म्हणालो, "इमान लेट असंल."

मावशी दिवसभर फोनपाशी बसून राहिली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

शेवटी संध्याकाळी फोन आला. मावशीनं विचारलं, "लई लेट झालं का रं?"

"नाय आई, टायमात उतरलं." मलाही ऐकू आलं.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. दिवेलागणीला झाडू लावत नाहीत, म्हणून केर तसाच ठेवून तिनं पहिलं ताट मलाच वाढलं. "तू बी सकाळधरनं नीट खाल्लं न्हाईस."

मी खाली मान घालून जेवलो.

ती हे कधी वाचणार नाही, म्हणूनच इथं लिहितोय. याला कबुली म्हणायचं का, राव?