चिठ्ठीत निघालेला विषय

आमच्या पुसदच्या कॉलेजात सेमिनारचे विषय मी चिठ्ठ्या टाकून वाटते. नाहीतर ‘मॅडमनं त्याले सोपा देला, मले कठीण देला’ हे रडगाणं वर्षभर ऐकावं लागतं. राज्यशास्त्राचं शेवटचं वर्ष. त्यात एक विषय मी मुद्दाम घातला होता: हत्यारबंद इस्लामी संघटना सत्तेवर आल्या की राजकीय पक्षासारख्या कशा वागू लागतात. बातम्यांत तेच चाललं होतं, आणि पोरं मोबाइलवर काहीबाही ऐकून तावातावानं भांडत. म्हटलं, भांडायचं तर जरा वाचून भांडा.

ती चिठ्ठी निघाली नेमकी फुलसावंगीहून एसटीनं येणाऱ्या मुलीला. वर्गातली एकुलती एक मुसलमान मुलगी. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बरोबर पत्त्यावर गेली, आणि सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकंच सटकलं. त्यांना चांगलं झापलं आणि तिला म्हटलं, दुसरी उचल. तिनं नकारार्थी मान हलवली. आता बदलली तर हे आणखीच हसतील, म्हणाली. मला धास्ती वेगळीच होती. तिच्या अब्बांनी तिला कॉलेजात पाठवलं होतं ते एकाच अटीवर, गावात तिच्या नावाची चर्चा होता कामा नये. अब्बा टेलर. मशीनवर बसल्या बसल्या साऱ्या गावाचं बोलणं त्यांच्या कानावर पडायचं.

सेमिनारच्या दिवशी ती समोर उभी राहून ठामपणे बोलली. या संघटनांपैकी काहींनी आधी दवाखाने चालवले, लोकांना मदत केली, म्हणून लोक त्यांच्यामागे गेले, असं तिनं सांगितलं. पण राज्य हाती आलं की तेच लोक पगार मागतात, वीज मागतात, आणि भाषणानं काही नळाला पाणी येत नाही. मग काहीजण खरंच बदलतात, निवडणूक हरले तर खुर्ची सोडतात. काही नुसते कपडे बदलतात, बंदूक घरात तशीच. ते बदलले की नाही हे त्यांना विचारू नका, ती म्हणाली, त्यांच्या राज्यात ज्या मुलींची शाळा सुटली त्यांना विचारा. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं.

संध्याकाळपर्यंत क्लिप फिरली. कोणीतरी चोरून काढलेली, आणि तीही फक्त दवाखाने आणि मदत एवढीच. मागचंपुढचं सगळं गायब. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये ती क्लिप पाहून भडकलेली, गावातल्या कुठल्याशा संघटनेची चार माणसं येऊन बसली. पोरीनं माफी मागतानाचा व्हिडिओ पाहिजे म्हणे. प्राचार्य नुसते घाम पुसत होते. अब्बांनाही बोलावलं होतं. गळ्यात टेप तशीच ठेवून ते दुकानातून उठून आले होते. ते हात जोडायला निघाले आणि मला राहवलं नाही. विषय माझा, चिठ्ठी माझी, व्हिडिओ काढायचा तर माझा काढा, मी म्हटलं. तुम्ही मधात पडू नका, असं मलाच सुनावलं गेलं. तेव्हा अब्बा म्हणाले, “भाऊ, पुरं तर ऐका. मंग माफी मागतो.”

तिनं उभ्याउभ्या सगळं पुन्हा सांगितलं. मुलींच्या शाळेपाशी आली तेव्हा अब्बा खाली बघत होते. ती चौघं एकमेकांची तोंडं पाहू लागली. शेवटी एकानं मोबाइल खिशात टाकला, पुढं ध्यान ठेवा म्हणाला, आणि चौघंही निघून गेली. माफीचं नावही कोणी काढलं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! व्हरांड्यात मी अब्बांना म्हटलं, पोरगी एम.ए. करेल बघा, हिला थांबवू नका.

“लय चांगली बोलली, मॅडम,” ते म्हणाले. “मले सारं समजलं. पण आज चार जण आलते. उद्या चाळीस येतील. ते पुरं ऐकतील काय?”

मला स्वतःचाच राग आला. ती त्यांच्या मागं उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. परीक्षा तरी देऊ द्या, एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते हो म्हणाले. परीक्षेला ती आली, पहिल्या वर्गात पासही झाली. मार्कशीट न्यायला अब्बा एकटेच आले.