तीन पहारेकरी

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, म्हणून निवृत्तीनंतरही घरात तिला ऑपरेटरच म्हणत. आता ती घरच्या संगणकावर टायपिंग करायची. एक वकीलबाई आपल्या अशिलांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवत, ऑपरेटर हेडफोन लावून ते ऐकायची आणि टाइप करायची. वकीलबाईंची अट एकच: यातलं अवाक्षर बाहेर गेलं, की त्या दिवसापासून काम बंद.

आणि एकदा भाजी निवडता निवडता धाकटी जाऊ सहज म्हणाली, "सून नांदायला तयार आहे, पण सासू घराच्या किल्ल्याच देत नाही. असतात बाई एकेक."

ऑपरेटरच्या हातातली जुडी हातातच राहिली. किल्ल्यांची गोष्ट सकाळच्या फाइलमधली. कुठं ऐकलंस विचारावं, तर आपणच कबुली दिल्यासारखं. ती पुन्हा जुडी निवडू लागली, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

संगणकात अँटीव्हायरस घालून दिला होता तो धाकट्या दिरानं, म्हणजे जावेच्याच नवऱ्यानं. तोही फुकटचा. फुकटात कोण कशाला राखण करील? लाइन जोडून देणाऱ्याला मधे कान लावणं किती सोपं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं पहिल्यावर नजर ठेवायला विकतचा दुसरा आणला. त्याचाही भरवसा वाटेना, म्हणून तिसरा. तिघंही एकमेकांनाच चोर समजून धरू लागले आणि संगणकानं मान टाकली.

दिरानं कपाळाला हात लावला. अँटीव्हायरस एका वेळी एकच चालतो, आणि खरं तर संगणकाबरोबर येतो तोच पुरे, अपडेट तेवढे वेळच्या वेळी करा, असं त्यानं समजावलं.

"आणि तुमच्या सोयीचा कोणता, भाऊजी?" तिनं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. तो उठून गेला.

तिनं संगणकाबरोबरचा तेवढा ठेवला, बाकीचे काढून टाकले. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. फाइलींना असा पासवर्ड घातला, की तिलाच चटकन आठवेना. दीर खोलीत आला, की ती स्क्रीन झाकायची.

तरी जाऊ म्हणालीच, "सासूनं आता कुलूपच बदललंय."

त्याच दुपारी टाइप करताना हेडफोन घसरून तिच्या गळ्यात आला, आणि खोलीत कुणीतरी ठणठणीत आवाजात म्हणालं, "माझे दागिने मला परत हवेत."

आवाज तिचाच होता. एक्स्चेंजमध्ये ऐकलेला नंबर मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. नोकरी सुटली होती, सवय नाही. कान झाकलेले, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता.

दाराबाहेर जाऊ एकाच चादरीची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

"थांबलात का, ताई? मिळाले का दागिने?"

"हे तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुमच्याशिवाय कुणाला? तुम्हाला तर आधीच माहीत असतं." जाऊ जरा हिरमुसली. "पण पुढं काय झालं तिचं?"

"लाइन कट झाली," असं म्हणून ऑपरेटरनं दार लावलं, कडी घातली आणि दातांत एक लवंग घट्ट धरून पुढचं वाक्य टाइप केलं.

संध्याकाळी तिनं आपण होऊन दिराला हाक मारली. अपडेट करून द्याल का म्हणाली, स्वतः खुर्ची ओढून दिली, चहाही केला.

पासवर्ड घालताना मात्र त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.