पोटावरची सहा अंडी

आता हसायचं नाही हं, आधीच बजावतो! शिकल्यासवरल्या माणसानं करू नये असा घोटाळा मी केला, आणि तोही भर वर्गात.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पुण्याला आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी झाली. सर म्हणाले, "दिवसभर उबवलेली अंडी आण आणि पिल्लाचे पहिले तीन थर मुलांना दाखव. दाखवलेस तर जागा तुझी." मला ती जागा हवी होती हो! तळेगावला वडील रोज विचारायचे, "शिकलास, आता पुढं काय?"

अडचण एकच. मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही.

बेडशाला आईची मैत्रीण राहायची, आमची मावशी. रानात एकटंच घर. महिन्यापूर्वी गेलो तेव्हा तिनं असा झणझणीत रस्सा वाढला होता, की बोटं चाटत उठलो. आता तिच्या चार कोंबड्यांपैकी एक नेमकी अंडी उबवायला खुडूक बसली होती. वर्गाच्या आदल्या दिवशी सकाळीच जाऊन धडकलो.

"मावशी, हिच्याखाली या आठवड्यातली सहा अंडी ठेव!"

"आरं, पर आदी माजं ऐक तरी..."

"वेळ नाही गं! उद्या यात तीन थर दिसणार. वरच्यातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हाडं, मांस, रक्त, आणि आतल्यातून आतडी!"

मावशीनं कपाळाला आठ्या घातल्या. "मेंदू आन कातडी एकाच थराची व्हय? मंग कुनाकुनाची नुसती कातडीच व्हत असंल."

रोख कुणावर होता ते मला तेव्हा कळलं नाही. मी दर अर्ध्या तासानं कोंबडी उचलून खाली बघत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं माझ्या हाताला चोच मारली आणि जी उठली, ती पुन्हा अंड्यांकडे फिरकलीच नाही.

"मावशी, आता ऊब कुठून आणू?"

"ती बसली व्हती की गुमान! तूच बसू दिली न्हाईस. आता तूच दे ऊब!"

मी दिली! पंच्यात सहा अंडी गुंडाळून पोटाला बांधली, वर सदरा, वर कोट, आणि निघालो कामशेतच्या स्टेशनाकडे. मागून मावशी ओरडत होती, "आरं, त्या अंड्यांचं ऐक..." कोण ऐकतो?

गाडीत जन्मात पहिल्यांदा मी दगडासारखा बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पोटात कळ आली का?"

"नाही, पोटावर अंडी आहेत."

आजोबा उठून दुसऱ्या बाकावर गेले.

वर्गात सरांनी पहिलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडलं. नुसतं पिवळं! दुसरं, तिसरं, सहावं... थर सोडा, थराची रेघही नाही. सरांनी चष्मा काढला. "काय रे, त्या कोंबड्यांत कोंबडा होता ना?"

मुलं बाकं बडवून हसली. जागा दुसऱ्याला गेली. मी तडक बेडशाला परत. अंगाचा नुसता तिळपापड!

"कोंबडा नाही हे सांगायचं नाहीस?"

"दोन डाव सांगाया गेले. तू थांबशील तवा! आन येकच व्हता कोंबडा. मागल्या महिन्यात तू आलास म्हनून कापला. तीन डाव रस्सा मागून घेतलास, इसरलास व्हय?"

मी मटकन खाली बसलो आणि चांगला तासभर हललो नाही. अंडी पोटावर बांधून मी पुणं गाठलं होतं, आणि त्यांचा बाप महिन्यापूर्वीच माझ्या पोटात गेला होता!