हरवलेल्या वाणाची नोंद

मीनल गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं. आजार माहीत होता, तरी फोन हातात धरून मी शाळेच्या पायरीवर बसूनच राहिलो… दीड महिना झाला त्याला.

कोल्हारला ती कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. अकोले तालुक्याच्या डोंगरातून भाताच्या जुन्या वाणांची माहिती मी गोळा करत होतो, ती साठवायचा प्रोग्रॅम तिने आपणहून लिहून दिला. तिथल्या हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरीण क्लासवर आल्या. त्यांनी तीन दिवस बसून एकेक वाण सांगितला. कुठला कुठल्या खाचरात येतो, कुठला बाळंतिणीला द्यायचा. शेवटच्या दिवशी मीनल फाईल सेव्ह करत असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा फाईल होती, आत अक्षर नव्हतं.

मी विजेला शिव्या घातल्या. मीनल म्हणाली, "लाईट तर जाणारच, सर. चूक माझी हाय. जुनी फाईल पुसून तिच्यावरच नवी लिहीत हुते मी." आणि तशीच उठून हौसाबाईंपुढे जाऊन सगळं कबूल केलं. "परत सांगते की गं," त्या म्हणाल्या, "पर समदं आठवंल असं न्हाई." खरंच, एका वाणाचं नाव त्यांना काही केल्या आठवलं नाही. पुढच्या वर्षी त्याही गेल्या.

मीनलने प्रोग्रॅम बदलला. आधी वेगळी फाईल लिहायची, मगच तिला जुनीचं नाव द्यायचं. मग क्लासमधल्या कॉम्प्युटरची वायर माझ्या हातात देऊन म्हणाली, "मला न सांगता ओढा." मी दुपारभर ओढत राहिलो. एकदा पुन्हा फाईल रिकामी निघाली. मी हिरमुसलो, ती मात्र खूश! "कॉम्प्युटर लिहिलं म्हणतो, पण ते अजून त्याच्या डोक्यातच असतं. डिस्कवर उतरेपर्यंत थांबायला पाहिजे. तेच राहिलं हुतं." ती दुरुस्ती केल्यावर पुन्हा ओढाओढी. आता दर वेळी जुनी तरी अख्खी मिळे, नाहीतर नवी तरी…

परवा तिच्या घरी गेलो. आईने लॅपटॉप पुढे ठेवला. यादीत एका वाणाच्या नावाची जागा मोकळी होती. खाली लिहिलं होतं, 'हा वाण माझ्या चुकीने हरवला. कुणाला माहीत असल्यास कळवावे. मीनल.' आणि तिचा नंबर.

"दवाखान्यातनंबी गावोगाव फोन लावून इचारायची," आई म्हणाली. "आता पुसायचं का हे?"

"नको," मी म्हणालो. तिचं नाव तसंच ठेवलं, नंबर माझा घातला, आणि सेव्ह केलं.