कुंदाबाईंची लष्करी फटफटी

धरणगावच्या प्रसूतिगृहात कुंदाबाई नर्स होत्या. नवरा लोटन दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं टपाल फटफटीवरून पोचवायचा. सुटून आल्यावर देवळालीच्या लष्करी लिलावात त्याने तशीच एक बीएसए फटफटी घेतली आणि हौसेने बायकोलाही चालवायला शिकवली. पुढे कावीळ होऊन तो गेला. दिरांनी गाडीला गिऱ्हाईक आणलं, तेव्हा कुंदाबाईंनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला, किक मारली आणि गिऱ्हाइकाच्या समोरून गाडी घेऊन कामावर गेल्या. गाव पाहत राहिलं.

खेड्यापाड्यांतली बाळंतपणं करायला त्या याच गाडीवरून जात. प्रसूतिगृहाचे अध्यक्ष रतिलाल शेठ यांना ते खुपायचं. त्यांच्या पुतण्याने, रुपचंदने, छपन्न साली नवी कोरी मोटरसायकल आणली आणि शेठना तोड सापडली.

"कुंदाबाई, यापुढे रुपचंद तुम्हाला नेईल. त्याची गाडी वेगवान आहे. बाळंतिणीपाशी वेळेवर पोचणं महत्त्वाचं, नाही का?"

"मला नेणारा कशाला? मला जाता येतं."

"मग होऊन जाऊ द्या शर्यत. जी गाडी पुढे, ती प्रसूतिगृहाच्या कामाला."

लीलाधर हा जळगावच्या जिनिंग फॅक्टरीतला इंजिनिअर, लोटनचा मित्र. कुंदाबाई आधी त्याच्याकडे गेल्या. त्याने कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर गाडी चढवली, मग कुंदाबाईंनाही उभं केलं. रुपचंदच्या गाडीचं वजन आणि ताकद त्याला ठाऊक होती. पाटीवर खडूने बराच वेळ आकडेमोड करून त्याने मान हलवली.

"वहिनी, पाव मैल सरळ रस्त्यावर तुम्ही हरणार. थोडक्यात नाही, चांगल्याच मागे पडाल."

"हिशोब चुकत नाही ना?"

"नाही. पण हा हिशोब डांबरी रस्त्याचा, एकट्या माणसाचा. चिखल, चाकोऱ्या, मागचं ओझं, यातलं काहीच मला मांडता येत नाही. नाहीच म्हणा शेठना."

"मी पळाले असं म्हणायला मिळेल त्यांना. हरले तर हरले."

वैशाखात पाळधीजवळच्या सपाट रस्त्यावर माणसं जमली. कुणीतरी रुमाल खाली केला आणि रुपचंद गोळीसारखा सुटला. कुंदाबाई पोचल्या तोवर तो गाडी उभी करून भांग सारखा करत होता. लीलाधरचा हिशोब अगदी बरोबर निघाला. लोक हसले. कुंदाबाईंनी गाडी वळवली आणि त्याच गर्दीतून, हॉर्न वाजवत, सावकाश परत गेल्या. रडू दाटून आलं होतं, पण घरी पोचेपर्यंत त्यांनी ते आवरून धरलं.

श्रावणात एका सकाळी गिरणाकाठच्या खेड्यातला वना धावत आला. "अक्का, लवकर चाल! मनी बायकोले कळा येई राह्यन्यात!"

"चाल, मी येस," म्हणत कुंदाबाईंनी पिशवी उचलली.

प्रसूतिगृहाच्या दारात रुपचंद गाडी घेऊन उभा होता. शेठ म्हणाले, "ठरल्याप्रमाणे मागे बसा."

"ठरवलं तुम्ही. मागे बसायला मी कधी हो म्हटलं?" त्यांनी पिशवी पाठीला बांधली, वनाला मागे घेतलं आणि निघाल्या. शेठच्या खुणेने रुपचंदही निघाला. डांबरी रस्ता होता तोवर तो पुढेच होता.

पुढे बैलगाड्यांचा गाडरस्ता लागला तशी काळी माती चाकांना धरू लागली. रुपचंद चाकोरीत शिरला. मडगार्डात चिखल ठासून बसला, पुढचं चाक फिरेना. त्याने जोर केला तसं मागचं चाक अजून रुतलं. कुंदाबाईंच्या गाडीचं पुढचं मडगार्ड लोटनने केव्हाच कापून उंच बसवलं होतं. पहिल्या गिअरमध्ये, बांधाच्या कडेच्या गवतावरून, कुठेही न थांबता ती जड गाडी धापा टाकत निघाली.

"अक्का, थांबा ना!" रुपचंद ओरडला.

"थांबले तर मीही रुतेन! काठीने चिखल काढ!"

वनाच्या बायकोचं मूल पायाळू होतं. फार वेळ गेला. शेवटी मुलगी रडली. परतताना कुंदाबाईंनी रुपचंदची गाडी दोराने ओढून काढली. तो गुडघाभर चिखलात होता. "तुम्हीच पोचलात, मी काकांना सांगतो," एवढंच पुटपुटला, आणि त्याने सांगितलंही.

शेठ मात्र हटले नाहीत. "पण शर्यत तुम्ही हरलात!"

"हरले की. चारचौघांत हरले. पुन्हा लावा, पुन्हा हरेन." कुंदाबाईंनी औषधांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. "मागे बसणारी नर्स शोधा."

तशी नर्स मिळाली नाही. आठवडा उलटायच्या आत पिशवी गड्याच्या हाती त्यांच्या घरी परत आली, सोबत माफीचा शब्दही नव्हता. कुंदाबाईंनी तो मागितलाही नाही. पिशवीतली कात्री उकळायला टाकली आणि गड्याला विचारलं, "कुठल्या गावचं बोलावणं आहे?"