बाणांवरची वीस मिनिटं

हिंजवडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर कंपनीनं एक व्हिडिओ गेम आणून ठेवला होता. गाणं सुरू झालं की पडद्यावर खालून बाण वर सरकायचे. ज्या दिशेचा बाण, जमिनीवरच्या त्या दिशेच्या चौकोनावर ठेक्यात पाय टाकायचा. परदेशी पाहुण्यांना ती खोली आवर्जून दाखवत. एरवी तिथं कुणी फिरकत नसे. वेळ कुणाला होता?

आम्ही दोघींनी तो काढला. दुसरी म्हणजे माझ्याच टीममधली टेस्टर, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. बाकीचे तिला नावानं हाक मारत, मी ताई म्हणायचे, ती मला तू. धायरीहून आम्ही एकाच बसनं यायचो. वाकडच्या कोंडीत अडकली नाही, तर बस साडेआठला पोचायची. नऊला मीटिंग. वर जायची दहा मिनिटं सोडली, तर मधली वीस मिनिटं आमची. त्यासाठी नाश्त्याचा डबा बसमध्येच संपवायचा.

ताई शाळेत लेझीम खेळलेली. लग्नानंतर ते सगळं सुटलं होतं. पहिल्या आठवड्यात तिचे बाण चुकले. मग ती लेझमीसारखे आकडे मोजत पाय टाकू लागली आणि महिन्याभरात तिनं मला मागं टाकलं. ओढणी कमरेला बांधून, घामेजून ती हसायची, तेव्हा टेबलाशी बसणारी ताई ती हीच, हे पटायचं नाही.

त्या वर्षी क्लायंटनं ऐनवेळी बदल सांगितले आणि काम लांबलं. मॅनेजरला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. अप्रेझलआधी त्यानं मला बोलावलं. खेळाच्या खोलीच्या दारावर कार्ड लावल्याच्या नोंदी त्याच्यासमोर होत्या.

"ऑफिसात नाचायला येता म्हणे दोघी?"

सगळ्या नोंदी नऊच्या आधीच्या होत्या. तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण माझ्या बढतीचं चाललं होतं. मी म्हणाले, "त्या बोलावतात, म्हणून जाते कधीतरी."

ताईला सगळ्यांत खालचं रेटिंग मिळालं. 'सहकाऱ्यांचाही वेळ घालवतात,' असा शेरा होता. जेवताना तिनं तो मला वाचायला दिला. मी वर बघितलं नाही.

"मी बोलवायचे तुला?" तिनं विचारलं.

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. तिनं अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठून गेली. दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला.

मला बढती मिळाली. आता तसलाच खेळ मी फोनवर अंगठ्यानं खेळते, दोन कॉलच्या मध्ये, सिग्नलला गाडी थांबली की. गुण भरपूर मिळतात.

परवा मंडईत ती मेथी निवडताना दिसली. टाळता येण्याइतकं अंतर नव्हतं. तिनं माझ्या आईची चौकशी केली, नवी नोकरी बरी आहे म्हणाली. मग पिशवी उचलत विचारलं, "तुम्ही अजून तिथंच का?"

मी हो म्हणाले. "छान," म्हणून ती गर्दीत निघून गेली.