ओरखड्याचा धनी

गालमिस्तरी गाडीला हात लावण्याआधी दाढी करायचा. जीप असेल तर एकदा, मोटार असेल तर दोनदा. आणि काळी मोटार आली की कर्जतचा न्हावी दुकान बंद करून वस्तरा घेऊन त्याच्या शेडमध्येच मुक्कामाला यायचा. कारण घासलेला रंग मिस्तरी गालाने तपासायचा. डोळे मिटून बॉनेटवर गाल टेकवायचा आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा हळूहळू पुढे सरकायचा. "डोळा फसतो. गाल न्हाई फसत," म्हणायचा. खुंट वाढलेला गाल फिरवला तर रंगावर नवे ओरखडे यायचे, म्हणून दाढी.

शेडमध्ये शिरताना गिऱ्हाइकालाही अंगठी, घड्याळ, पट्टा बाहेर खुंटीला टांगावा लागे. एका फौजदाराला पट्टा काढायला लावला, तर तो अर्धा तास पँट धरून उभा होता. आणि काम झालं की मिस्तरी स्वतःच राहिलेली खोट दाखवायचा. "हितं जरा लाट राहिली बगा. तुमाला दिसनार न्हाई, पन हाय." गिऱ्हाईक सुखाने घरी जाईल तर शपथ.

मी मिरजगावचा, त्याच्याकडे उगाच जाऊन थापा ठोकत बसणारा. काम पडलं ते एका खंडेनवमीला. माझे दाजी मुंबईत एका बड्या मालकाची गाडी चालवायचे. मालक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिर्डीला पोचणार होता आणि त्याची नवी काळी स्पोर्ट्स कार दाजींनी आधी तिथे नेऊन ठेवायची होती. पण सासुरवाडीत रुबाब दाखवायचा मोह कोणाला सुटतो? दाजी मालकाला न सांगता वाट वाकडी करून मिरजगावात आले. दबा धरलेल्या बिबट्यासारखी ती गाडी! गावातली कुत्री तीन दिवस भुंकली नाहीत.

आईने गाडीची पूजा केली. बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. पुरणपोळी खाऊन दाजी आडवे झाले आणि कुंकू उन्हात वाळलं. मला वाटलं, दाजी उठायच्या आत गाडी लख्ख करावी. फडक्याने निघेना. मग मी आमचा पाण्याचा बंब घासतो तशी राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासली. आमचा बंब असा चमकायचा की त्यात बघून भांग पाडावा. बॉनेटची मात्र शाळेतली पाटी झाली. घरी मी हे कितीतरी दिवस आईवर ढकललं. इथे खरं लिहितो.

दाजी उठले, बाहेर आले. पायरीवर मटकन बसले. "नोकरी गेली. खोली मालकाचीच हाय. तुमच्या ताईला न् लेकरांना घेऊन कुठं जाऊ?"

तासाभरात आम्ही कर्जतला होतो. मिस्तरीने बॉनेट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काथ्या?" मी मान डोलावली. दसऱ्याच्या तोंडावर न्हाव्याला दुकान सोडता येईना, म्हणून मिस्तरीच तिकडे जाऊन दाढी करून आला.

त्याने जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ अडवायला चहूबाजूंनी ओली धोतरं टांगली. बादलीत भिजलेला तळव्यासारखा मऊ पॉलिशपेपर काढला. मला आरसा दिला: दारातून ऊन पकडून बॉनेटवर पाडायचं, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. उन्हाचा कवडसा बॉनेटवर लावणी नाचत होता.

"लेका, हातात वारं शिरलंय का तुज्या?"

"मिस्तरी, जाईल ना?"

"कवडसा धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत बॉनेटमध्ये समोरच्या लिंबाची पानं मोजता येत होती. मी मोजली. पण बोटभर लांबीचा एक ओरखडा राहिला. राखेत खडा असणार. मिस्तरीने गाल टेकवला. बराच वेळ उचलला नाही. "हितं रंग पापडावानी पातळ झालाय. अजून घासला तर खालचं अस्तर दिसंल."

दाजी हात जोडून म्हणाले, "थोडं घासा की."

"घासाया कुनालाबी येतं. थांबाया मिस्तरी लागतो."

वाटेतली धूळ पुसायला तोही आमच्यासोबत निघाला. मागे बोकडसुद्धा मावणार नाही अशा जागेत मी घडी होऊन बसलो. शिर्डीपर्यंत मी मालकाला सांगायला ओरखड्याच्या अकरा गोष्टी तयार केल्या: नीलगाय, बाभळीचा फाटा, आंधळा मोर.

मालक आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि बरोबर तिथेच थांबला. "हे कोणी केलं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. अकराच्या अकरा गोष्टी पळून गेल्या आणि खरी काही बाहेर येईना.

"म्या, साहेब," मिस्तरी म्हणाला. "पुसताना फडक्यात खडा राहिला."

मालक दाजींना म्हणाला, "पुन्हा असल्या अडाण्याच्या हातात गाडी दिलीस तर याद राख." आणि आत गेला. दाजींची नोकरी वाचली. मिस्तरीने फडकं झटकलं, त्याची चार पदरी घडी केली. परतताना एस्टीत तो एवढंच बोलला, "खिडकी लाव, धूळ येती."

ड्रायव्हरांच्या तोंडून गोष्ट कर्जतला पोचली. गाडी देताना लोक डिवचायचे, "मिस्तरी, फडकं झटकलं का?" तो फडकं उलटसुलट करून दाखवायचा. समोरच्या टपरीवर बसून मी चहाच्या कपात बघायचो. खरं न सांगायला दाजींची नोकरी हे माझं निमित्त होतं. पुढे त्यांनी ती आपण होऊन सोडली, तरी मी गप्पच.

दोन उन्हाळ्यांनी मिस्तरी गेला. दहाव्याला माणसं जमली होती. कोणीतरी हळहळलं, "हात सोन्याचा. पन ती मुंबईची गाडी खरवडली, तेवढा एक डाग लागला."

मी उभा राहिलो. राख, काथ्या, खडा, सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. कोणी हसलंही नाही. न्हाव्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बापू," तो हलकेच म्हणाला, "निदान आज तरी थापा नगं रं मारू."